उतरल्यावर सही

१

दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी गुणाकरकाका म्हणायचे, "बैहरची बस आली," आणि आई चहाचं आधण ठेवायची.

बालाघाटच्या त्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण दुपार त्याच्यावर चालत नसे. घाटाच्या बाजूनं एक घरघर यायची, वाढायची, कौलांवर क्षणभर थरथरायची आणि वैनगंगेच्या अंगाला विरून जायची. काका मान तिरकी करून ती संपेपर्यंत ऐकत. मग आई चार कप मांडी. माणसं तीनच. चौथा कप कुणी आलं-गेलं तर म्हणून. कुणी येत नसे. तो कपही काकाच पीत आणि वर म्हणत, "वाया काहून घालवायचा?"

माणिकला या सगळ्याचा वीट आला होता. वय वीस. जबलपूरचं इंजिनिअरिंग कॉलेज दुसऱ्याच वर्षी सुटलं होतं. पिवळ्या पडलेल्या वह्या वाचून दाखवणाऱ्या प्रोफेसरला त्यानं भर वर्गात विचारलं होतं, "सर, यातलं तुम्हाला स्वतःला काय काय समजतं?" त्यानंतर कॉलेजनं त्याला सोडलं की त्यानं कॉलेजला, हा वाद घरात अजून मिटला नव्हता. मोठ्या माणसांबद्दल त्याचं मत सरळ होतं. त्यांना काही ठाऊक नसतं, आणि ते उघडं पडू नये म्हणून त्यांनी शिस्त नावाची वस्तू काढली आहे.

नोव्हेंबर सत्तरच्या पहिल्या आठवड्यात घाटातला एक पूल खचला. त्यानंतर आठ दिवसांनी माणिक दुपारी ओट्यावर बसला होता. समोरच्या ओट्यावर बैहरच्या बसचा कंडक्टर भैयालाल मेथी निवडत होता. घरघर आली, डोक्यावरून गेली, विरली. आतून काका म्हणाले, "बैहरची बस आली." आत भांडं वाजलं.

माणिकनं भैयालालकडे पाहिलं.

"भैयालाल, ये कौन सी गाड़ी गई अभी?"

"कौन सी गाड़ी? बस तो आठ रोज से उधरही अटकी पड़ी है. देखते नहीं, घरवाली ने मुझे दूसरी नौकरी पे लगा दिया?" त्यानं मेथीची जुडी वर करून दाखवली.

"आवाज नहीं सुना?"

"कैसा आवाज?"

माणिक आत गेला. "काका, बस बंद आहे. आठ दिवस झाले."

काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकून दुधाच्या सायीसारखा दिसत होता. त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवलं. आईच म्हणाली, "बस नसन तं ट्रक असन. चहाची वेळ तं झाली ना?"

तिनं चार कप मांडले.

२

माणिकला घर सोडायचं होतं. जंगल खात्यात मोजणीदाराची जागा निघाली होती, बैहरच्याही पलीकडे. अर्ज भरला होता, एक रकाना सोडून. *वडील : हयात की मयत.*

चौदा वर्षांपूर्वी, छप्पनच्या नोव्हेंबरात, नीळकंठ, म्हणजे माणिकचे वडील आणि काकांचे धाकटे भाऊ, बैहरजवळच्या लढाईच्या काळातल्या धावपट्टीवरून एक छोटं विमान घेऊन एकटेच उडाले. काका परवानाधारक विमान-शिक्षक, आणि नीळकंठ त्यांचा शेवटचा विद्यार्थी. विमान सापडलं नाही. माणूसही सापडला नाही. त्याच महिन्यात राज्यांची वाटणी झाली. नागपूर तिकडं गेलं, बालाघाट इकडं राहिलं, आणि चौकशीची फाइल दोन्हीकडच्या बाबूंनी एकमेकांकडे ढकलत नाहीशी केली. माणिक तेव्हा सहा वर्षांचा होता.

शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं होतं, "वडील?"

"वर गेलेत," आई म्हणाली.

गुरुजींनी हळहळून 'स्वर्गवासी' लिहिलं. आईनं वाकून वाचलं.

"हे काय लिहिलं, गुरुजी?"

"तुम्हीच सांगितलं ना बाई, वर गेले म्हणून."

"वर गेलेत म्हणजे वर गेलेत. उतरले नाहीत अजून."

गुरुजींनी तिच्या कपाळावरच्या ठसठशीत कुंकवाकडे पाहिलं आणि शब्द खोडला. तेव्हापासून माणिकच्या प्रत्येक कागदावर तो रकाना कोरा होता. गल्लीत बायका आईला हळदीकुंकवाला बोलवत. बोलवण्याआधी थोडं थांबत, एवढंच. ते थांबणं माणिकनं लहानपणापासून पाहिलं होतं, आणि त्यासाठी त्यानं काकांना माफ केलं नव्हतं.

तहसील कचेरीतल्या शालिकराम बाबूनं वाट दाखवली होती. ज्याच्याविषयी सात वर्षांत त्याच्या माणसांनी काही ऐकलं नाही, तो कायद्यानं मेलेला धरता येतो. काकांनी तसं लिहून द्यायचं, आणि त्या दिवशीची उड्डाणवही सही करून जोडायची.

माणिकनं काकांना सांगितलं.

"काही ऐकलं नाही, असं लिहू?" काका म्हणाले.

"हौ."

"रोज चार-वीसले ऐकतो मी त्याले. खोटं कसं लिहू?"

"काका, तुम्ही वेडे आहात काय? की लबाड?"

स्वयंपाकघरात आईच्या बांगड्या थांबल्या. काका हसले. त्यांच्या हसण्यात राग नव्हता, हीच माणिकची खरी अडचण होती. लहानपणी या माणसानं त्याला खांद्यावर बसवून गावभर 'विमान' केलं होतं, तोंडानं इंजिनाचा आवाज काढत. अशा माणसाशी धड भांडताही येत नाही.

"दोन्ही," काका म्हणाले. "पण सही उतरल्यावर."

३

दुसऱ्या दिवशी ऊन दाखवण्याच्या निमित्तानं माणिकनं काकांची ट्रंक अंगणात आणली.

उड्डाणवही तळाशी होती. पान पान काकांच्या नीटस अक्षरात. विद्यार्थ्याचं नाव, विमान, निघाल्याची वेळ, उतरल्याची वेळ, एकूण तास. मग शिक्षकाची सही, आणि खाली विद्यार्थ्याची. विमान खाली येऊन चाकं थांबेपर्यंत दोन्ही सह्या करायच्या नाहीत, हा काकांचा नियम. त्यांचे जुने विद्यार्थी अजूनही दिवाळीच्या पत्रात तो चेष्टेनं लिहीत.

शेवटची ओळ : *नीळकंठ. एकटा. निघाला ४.२०.* पुढं कोरं.

माणिकला ती वेळ माहीत नव्हती. त्याला कुणी कधी सांगितलीच नव्हती. उन्हात बसूनही त्याच्या मानेवरून काहीतरी गार सरकलं. मग त्यानं स्वतःला समजावलं. चार-वीसला भाऊ गेला, म्हणून म्हाताऱ्याला चार-वीसला आवाज ऐकू येतो. दुःखाची सवय. पण मग मला का ऐकू येतो? मला लहानपणापासून त्यांनी ऐकायला शिकवलं, म्हणून. पोपट नाही का शिकत?

वहीखाली छापील याद्यांचा गठ्ठा होता. परवानाधारक विमान-शिक्षकांची ही यादी दरवर्षी दिल्लीच्या कार्यालयातून टपालानं येई. काकांनी चौदा वर्षांत विमानाला हात लावला नव्हता. पाच वर्षांपासून त्यांना ताटातला भातही चाचपावा लागत होता. तरी प्रत्येक यादीत त्यांचं नाव होतं, परवाना चालू होता. शेवटच्या रकान्यात त्या वर्षी शिकवलेले तास.

सत्तावन्न : ८,७६०.

माणिक हसला. इतरांचे तीनशे, चारशे, फार तर सहाशे. छापखान्यातल्या कुणाचा तरी हात घसरला असणार. अठ्ठावन्न : ८,७६०. एकोणसाठ : ८,७६०. म्हणजे घसरलेला हात दरवर्षी तसाच उचलून ठेवला. सरकारी काम म्हणजे मागचं पाहून पुढचं लिहिणं.

साठ : ८,७८४.

तो थांबला. तीनशे पासष्टला चोवीसनं गुणायला इंजिनिअरिंग लागत नाही. त्यानं पुढच्या याद्या भराभर काढल्या. चौसष्ट : ८,७८४. अडुसष्ट : ८,७८४. मधली सगळी वर्षं ८,७६०.

एखादी चूक चौदा वर्षं टिकू शकते. पण ती दर चौथ्या वर्षी फेब्रुवारीचा एकोणतिसावा दिवस मोजत नाही.

त्यानं याद्या उचलल्या आणि आत जाऊन काकांच्या मांडीवर टाकल्या.

"हे तास कोण कळवते दिल्लीले?"

"मी नाही."

"मग?"

काकांनी कागदावरून बोटं फिरवली, नातवाचं तोंड चाचपावं तशी. "शिष्य वर असतानी शिक्षकाचा परवाना मरत नाही, माण्या. ते कोणी कळवा लागत नाही."

४

काकांच्या टेबलाला मधोमध एक गोल भोक होतं आणि त्यात पितळेची हातभर नळी उभी बसवलेली होती. खाली भिंग, वर धुरकट काच, काचेवर दोन बारीक रेघांची फुली. विमानाच्या तळाला अशी नळी लावली की खालची जमीन काचेवर सरकताना दिसते. ती रेघेला तिरकी सरकली, तर वारा विमानाला बाजूला लोटतो आहे, हे कळतं. धुक्यात, ढगात, अनोळखी मुलुखात वाट चुकू नये म्हणून काकांनी ती शोधली, आणि तिचं पेटंट घेतलं. भिंगं एकाच काचेच्या तुकड्यातून दोन घासली होती. एक या नळीत. दुसरं नीळकंठ घेऊन गेले.

लहानपणी माणिकनं नळीखाली फरशीवर गोटी ठेवून वरून पाहिली होती. गोटी दिसली, तीही अंधुक. काकांनी त्याचा कान पिळला होता. "हक्क माझा आहे. मुदत संपली की पाह्यजो."

बारा नोव्हेंबरला सकाळी काकांनी पेटंटचा छापील कागद त्याच्याकडून वाचून घेतला. तारीख : बारा नोव्हेंबर चोपन्न. मुदत : सोळा वर्षं.

"म्हणजे आज संपली," काका म्हणाले.

"हौ."

"आता हे सर्वांचं झालं. कोणीही करावं, कोणीही पाहावं."

"काका, पेटंट म्हणजे वस्तू बनवण्याचा, विकण्याचा हक्क. तिच्यातून पाहण्याचा नाही."

"तुले कोणी सांगतलं? कॉलेजनं?"

माणिक चिडला. आता या म्हाताऱ्याचं सगळं एकदाच मोडून काढू, असं मनात ठरवून त्यानं काचेवर डोळा लावला.

आधी वाटलं, भिंगावर शेवाळ चढलंय. गडद हिरवं, गुठळ्या-गुठळ्यांचं. मग ते सरकलं. रेघेला जरासं तिरकं, वरून खाली, एका लयीत. गुठळ्यांमधून एक तांबडी रेघ गेली. रेघेवर तांदळाच्या दोन दाण्यांएवढं काहीतरी होतं, आणि त्यांच्या मागं एक ठिपका. बैलजोडी. गाडी. तो सालाच्या जंगलाच्या वर होता.

माणिकनं डोळा मागं घेतला, काच धोतराच्या सोग्यानं पुसली. काकांच्याच. त्यानं टेबलाखाली पाहिलं. फरशी. त्याची एक चप्पल. खिडकीतून काही परावर्तित होत असेल म्हणून खिडकी लावून घेतली. पुन्हा डोळा लावला. जंगल विरळ झालं होतं, कापणी झालेल्या धानाच्या बांध्या चालल्या होत्या. डोळा न काढता त्यानं हात टेबलाखाली घालून भिंगासमोर धरला, बोटं हलवली.

बांध्या चालतच राहिल्या. हात दिसला नाही.

"सरक," मागून आई म्हणाली. "मले पाहू दे."

"चारुलता, नको," काका उठू लागले.

चौदा वर्षं ती नळी तिनंच पुसली होती. रोज, चिंच लावून. काचेवर फडकं टाकून, नजर बाजूला ठेवून, भाऊजींनी सांगितलं म्हणून. आता ती वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. तिच्या पाठीवरून काही कळत नव्हतं.

"किती दिवसांपासून दिसते तुम्हाले हे?"

काका परत खुर्चीत बसले.

"भाऊजी, मी विचारून राह्यली."

"पहिल्या दिवसापासून," काका म्हणाले. "डोळे गेले तोपर्यंत."

५

मग काकांनी सगळं सांगितलं, खुर्चीचे हात घट्ट धरून.

नळीची खरी परीक्षा व्हावी म्हणून त्यांनी विमानाच्या पुढच्या काचेला आणि दोन्ही बाजूंना खाकी कापड ताणून बसवलं होतं. आतल्या माणसाला फक्त खालचं दिसावं. नीळकंठनं विचारलं होतं, "दादा, पट्टी कशी सापडन?" काका म्हणाले होते, "चुन्यानं इंग्रजी टी अक्षर आखतो पट्टीवर. त्याच्यावर आला की काच सांगन. मग वर्तुळ घेत खाली ये." चुना आईनंच भिजवून दिला होता. एक फेरी मारायची, नि परत.

"अन् तुम्ही त्यायले असं आंधळं करून पाठवलं," माणिक म्हणाला. "स्वतःच्या भावाले. एका नळीपायी."

"हौ."

"आणि चौकशीत कापडाचं सांगितलं नाही."

"नाही सांगितलं."

माणिकजवळ शिव्या होत्या, पण त्या नाकारणाऱ्या माणसासाठी जमवलेल्या होत्या.

"दरवर्षी दिवाळी झाली की बैहरले जाऊन टी पांढरा करत होतो," काका म्हणाले. "झुडपं तोडून. बारा वर्षं सोडलं नाही. दिसत नव्हतं तेव्हा कडेची वीट चाचपत चुना टाकला. एक दिवस पट्टी त्याच्या काचेत येईन म्हणून. एकदाही आली नाही."

आई भिंतीला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "रोज चार-वीसले कोणाच्या कौलावरून जातेत ते?"

काकांनी मान वर केली.

"बैहरले चुना टाकत बसले तुम्ही! ते पट्टी शोधून राह्यले नाहीत, भाऊजी. ते घर शोधून राह्यले." आणि मग, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीसारखी ती एकदम हसली. "बाप्पा, बाप्पा. इतके शिकलेले दोघं भाऊ!"

मागच्या अंगणात दिवाळीच्या रंगकामाचा चुना उरला होता. तिनं तो बादलीत कालवला. तुळशीच्या पुढं, हौदापासून पायरीपर्यंत, तिनं आडवा-उभा पांढरा टी काढला.

"आई, अंगण बारा पावलांचं आहे," माणिक म्हणाला. "विमान आहे ते. कावळा नाही."

"मले शिकवू नको. वाऱ्याकडे टीचं तोंड पाह्यजे, ते पाह्य. बरोबर आहे?"

त्यानं वाळत घातलेल्या लुगड्याकडे पाहिलं. "थोडं डावीकडे," तो म्हणाला, आणि आपण हे म्हटलं याची त्याला भीती वाटली.

आईनं वेणी घातली. लुगडं बदललं. काहीतरी गुणगुणत होती. माणिकला आठवत होतं तेव्हापासून ती कधी गुणगुणली नव्हती. त्याला तिचं हे रूप पाहवेना. आज काही झालं नाही तर ही बाई संध्याकाळी काय करेल, हा एक विचार होता. आणि झालं तर काय, हा दुसरा. दुसरा तो मनात पुरा होऊ देत नव्हता.

काकांनी त्याला आत बोलावलं.

"वही आण. पेन भर. तुले सही पाह्यजे होती ना?"

माणिकनं वही उघडून टेबलावर ठेवली. इतके दिवस त्याला हीच सही हवी होती. काकांनी या घटकेला ती केली असती तर रकाना भरला असता आणि तो मोकळा झाला असता. आणि अंगणात बसलेली ती बाई, त्या एका रेघेनं, विधवा झाली असती.

"आत्ता नको," तो म्हणाला.

"आत्ता केली तं मेला तो. उतरल्यावर केली तं…" काकांनाही पुढचं जमलं नाही. "माझे डोळे नाहीत, माण्या. तू पाह्य. तू म्हणशील तेव्हाच करतो."

या घरात वीस वर्षांत माणिकच्या शब्दावर काही ठरलं असेल, तर ते हे पहिलंच.

६

पावणेचारपासून माणिक काचेवर वाकून होता. मान आखडली. शेतं गेली, लालबर्र्याकडची सडक गेली, एका तळ्यात क्षणभर चकाकलं. त्या चकाकीत विमानाची सावली दिसावी असं त्याला वाटलं. दिसली नाही.

मग नदी आली. वाळूचे पट्टे, पाण्याची बारीक धार. छोट्या गाडीचे रूळ. राइस मिलचं पत्र्याचं छप्पर. मग घाटाकडं एक मोठं वळण. बाहेर, घाटाच्या बाजूनं, घरघर सुरू झाली.

"आला," काका म्हणाले. बसचं नाव त्यांनी घेतलं नाही.

काचेवर कौलं सरकू लागली. गल्ली. भैयालालचा ओटा, त्यावर हिरवा ढीग. मग त्यांचं अंगण, आणि अंगणात पांढरा टी, इतका स्पष्ट की माणिकच्या घशातून आवाज निघाला. टीच्या शेजारी एक लाल ठिपका उभा होता. अंगण निसटलं. घरघर कौलांवर थरथरली आणि नदीकडे चालली.

आता विरेल. रोज विरते.

विरली नाही. नदीच्या अंगाला जाऊन ती वळली.

समोरून भैयालालचा आवाज आला, "अरे, आज तो सुनाई दे रहा है! पुल बन गया क्या?"

काचेवर पुन्हा कौलं आली, मोठी. एकेक कौल मोजता येत होतं. एक फुटलेलं, त्यात अडकलेली माणिकच्या लहानपणीच्या चेंडूची चिंधी. घरघर वाढून घराच्या भांड्यांत शिरली. मांडणीवरची ताटं किणकिणत होती. अंगण. टी. आईचा भांग, तिची वर केलेली मान, तिचं तोंड. ती डोळ्यांवर हात न धरता सरळ वर पाहत होती, हसत. कपाळ जवळ आलं. कुंकू काचेच्या फुलीवर बरोबर मधोमध बसलं, आणि वाढत गेलं, आणि सगळी काच लाल झाली.

आवाज तुटला.

माणिक ऐकत राहिला. आता लाकूड मोडेल, पत्रा फाटेल, आई किंचाळेल. चुलीवर आधण खदखदत होतं. तुळशीवर चिमण्या पुन्हा बोलू लागल्या.

७

"पाय धुवून या आत," अंगणात आई म्हणाली.

हौदातून लोटा भरला. पाणी दगडावर पडलं. नुसत्या दगडावर पडतं तसं नाही. मधे काहीतरी होतं, त्यावरून ओघळत पडलं. पुन्हा एक लोटा.

"किती वाळलेत हो तुम्ही. पोरगं मोठं झालं तुमचं. तोंडाचं फटकळ आहे, मनावर घेऊ नका."

माणिकला दाराकडे पाहता येत होतं. मान फक्त डावीकडे वळवायची होती. त्याऐवजी तो काचेकडे वळला. काच म्हणजे निदान साधन. तिला पेटंट होतं, आकृत्या होत्या.

काचेवर आता जमीन सरकत नव्हती, हलकी डुलत होती, माणूस चालताना कंदील डुलतो तशी. पायरी आली. उंबरठा आला. खोलीची फरशी. मग स्थिर झाली. एक पांढरं डोकं आणि एक काळं, वरून, हातभर अंतरावरून. काळ्याच्या भोवऱ्यापाशी लहानपणी पडल्याची खूण. दोन डोक्यांच्या मधे उघडी वही.

त्यानं वर पाहिलं नाही. खोलीत ओल्या कापडाचा आणि तेलाचा वास आला होता. खाकी कापडाचा. तो वास आपल्याला आठवतो, हे माणिकला आजच कळलं. सहा वर्षांचा असताना त्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यात तो गुंडाळून झोपला होता.

"उतरला काय रे?" काकांनी विचारलं. दुधाळ डोळे भिंतीवर होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. डोळे जाईपर्यंत जे एकट्यानं पाहिलं, ते शेवटी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची पाळी आली होती.

माणिक नाही म्हणू शकला असता. नाही म्हटलं असतं तर हे जे काही होतं, ते परत वर गेलं असतं. चौदा वर्षं आणखी. चौथ्या कपालाही आणि आईच्या बांगड्यांनाही सवय होती.

"हौ, काका," तो म्हणाला. "उतरले."

त्यानं काकांचं बोट धरून ओळीवर ठेवलं. काकांनी वेळ लिहिली, एकूण तासांच्या रकान्यात क्षणभर थांबले, तो कोरा सोडला आणि सही केली. नीटस, पूर्वीसारखीच. मग त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि वही टेबलावर उलट फिरवून समोर सरकवली, जिथं खुर्ची नव्हती तिकडे. पेन पुढं धरलं.

"घे, नीळू. विद्यार्थ्याची सही राह्यली."

माणिकनं नजर वहीच्या कडेवर घट्ट धरून ठेवली. कडेवरून पेन काकांच्या बोटांतून सुटताना त्याला दिसलं. ते फरशीवर पडल्याचा आवाज ऐकायला तो थांबला.

दारातून आई, चहाचा ट्रे हातात घेऊन, लटक्या रागानं म्हणाली, "हात तं पुसा आधी. कागद ओला होईन."